चाळीस लिटर गाडीत, चार पाठीवर

गाडीच्या डिकीत आम्ही दहा-दहा लिटरचे चार कॅन भरून ठेवतो आणि पायी निघताना प्रत्येकाच्या पाठीवर चार लिटर पाणी येते. ओमानच्या हजर पर्वतात आम्ही नऊ हिवाळे हिंडलो. या काळात बूट बदलले, गाडी बदलली, सोबतीची दांपत्ये नोकरी संपवून कुणी पुण्याला, कुणी टोरांटोला गेली, पण हा हिशेब तेवढा कायम राहिला. सुरुवातीला मला तो केवळ खबरदारीचा भाग वाटत असे. पुढे लक्षात आले, की या दोन आकड्यांमुळे मला एकाच जागी दोन वेगळे डोंगर दिसतात. चाळीस लिटर सोबत असताना पाणी हा विचार करण्याचा विषयच राहत नाही. काचेबाहेर कडे, घळी, रंगीत दगडांचे थर सरकत असतात आणि सगळे भव्य वाटते. पाठीवरचे चार लिटर मात्र तासागणिक हलके होते, आणि ते जसजसे हलके होते तसतशी नजर त्या भव्यतेवरून उतरून बारीकसारीक गोष्टींवर येते: कातळाच्या कुठल्या बाजूला सावली आहे, झुडूप नेमके त्याच भेगेत का उगवले आहे, शेळ्या रांगेने कुठे निघाल्या आहेत.

मी मूळची धुळे जिल्ह्यातली. नाशिकला कॉलेजात असताना साल्हेर, हरिहर, अलंग, कुलंग हे किल्ले पायाखालून गेले होते, आणि सह्याद्रीत हिंडणाऱ्या कुणालाही विचारा, किल्ल्याविषयीचा त्याचा पहिला प्रश्न "वर पाणी आहे का?" हाच असतो. "टाकी आहेत, पण मार्चनंतर भरवसा नाही," असे उत्तर बहुतेक वेळा मिळते. नोकरीनिमित्त मस्कतला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी तोच प्रश्न कार्यालयातल्या एका ओमानी सहकाऱ्याला विचारला. त्याला प्रश्नच विचित्र वाटला. इथले पाणी वर साठत नाही, ते डोंगराच्या आत असते आणि खणून बाहेर काढावे लागते, असे त्याने मला हिंदीत समजावून सांगितले आणि पुन्हा आपल्या कामाला लागला. मी मान डोलावली, पण त्याचे म्हणणे मला पुष्कळ उशिरा कळले.

अरबीत हजर म्हणजे दगड. उत्तरेला मुसंदमच्या टोकापासून आग्नेयेला सूरच्या बाजूपर्यंत ही रांग समुद्राला धरून धावते. तिच्या समुद्राकडच्या सपाट पट्टीला बातिना म्हणतात आणि पलीकडच्या प्रदेशाला धाहिरा. पहिल्या नावात पोट आहे आणि दुसऱ्यात पाठ, म्हणजे मधला पर्वत हा या देशाचा कणा झाला. मस्कतहून निझवाकडे जाणारा हमरस्ता समाईलच्या खिंडीतून हा कणा ओलांडतो. त्या खिंडीतल्या टेकड्यांचा रंग करपलेल्या गुळासारखा आहे. सुमारे साडेनऊ कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी तयार झालेले कवच, आणि त्याच्याही खालचे पृथ्वीचे प्रावरण, पुढे अरबी भूपट्टाच्या काठावर ढकलले गेले आणि उघडे पडले. एरवी कित्येक किलोमीटर खोल असणारा खडक इथे रस्त्याच्या कडेला हात लावून पाहता येतो, म्हणून जगभरातले भूशास्त्रज्ञ इथे येतात. या काळपट खडकात पांढऱ्या रेषांची जाळी दिसते. पावसाचे पाणी आपल्यासोबत हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन भेगांत उतरते, खडकाशी त्याची रासायनिक प्रक्रिया होते आणि कार्बोनेटच्या शिरा तयार होतात. आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, त्यामुळे तो यांच्यापुढे धाकटा. हे आकडे सांगण्याची हौस माझ्या नवऱ्याला आहे आणि नव्या पाहुण्यांना ते समाईलच्या खिंडीत हमखास ऐकावे लागतात.

मला अधिक ओढ आहे ती खिंडीच्या पलीकडची. अल हमराजवळ आल्यावर रंग पालटतो, टेकड्यांच्या जागी राखाडी चुनखडीच्या थोरल्या भिंती उभ्या राहतात, आणि गाडी थांबवून जवळ गेले तर त्या भिंतींत शिंपल्यांचे अवशेष सापडतात. जबल शम्स, म्हणजे सूर्याचा डोंगर, हा ओमानमधला सर्वांत उंच डोंगर. त्याचे शिखर तीन हजार मीटरच्या आसपास आहे. एवढ्या उंचीवर, जिथे ओंजळभर पाणी मिळण्याची मारामार, तिथला प्रत्येक थर एके काळी उथळ समुद्रात साचलेला आहे.

१९७० साली सुलतान काबूस गादीवर आले तेव्हा सबंध देशात डांबरी रस्ता जेमतेम दहा किलोमीटर होता असे सांगतात. डोंगरातली गावे गाढवांच्या वाटांनी एकमेकांना जोडलेली होती. त्यानंतर डोंगरांच्या अंगावर कच्चे रस्ते खोदले गेले आणि ते सरळ ठेवण्यासाठी ग्रेडर, म्हणजे रस्ता खरवडून सपाट करणारी यंत्रे, फिरू लागले. ग्रेडर हा शब्द आखातात राहणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी असतो, कारण तो येऊन गेल्याला किती दिवस झाले यावर आपल्या पाठीच्या मणक्यांचे भवितव्य ठरते. तो महिनाभर आला नाही की रस्त्यावर आडव्या लाटा उमटतात आणि पन्हाळी पत्र्यावरून गाडी चालवावी तसा खडखडाट सुरू होतो. वीसच्या वेगाने गेले तर दात वाजतात. साठने गेले तर चाके लाटांच्या माथ्यांवरून तरंगत जातात आणि खडखडाट थांबतो, पण मग ब्रेक दाबला तरी गाडीला त्याची दखल घ्यावीशी वाटत नाही. नवखा माणूस खडखडाट थांबला म्हणून खूश होतो आणि पुढच्या वळणावर घाबरतो. माझेही तसेच झाले होते.

जबल अखदरला जाताना बिरकत अल मौज इथे पोलिसांची चौकी लागते आणि गाडी फोर-व्हील ड्राइव्ह आहे याची खात्री करूनच वर सोडतात. वरचा रस्ता आता उत्तम डांबरी आहे, त्यामुळे भारतातून आलेल्या पाहुण्यांना या चौकशीचे हसू येते. चौकीची काळजी चढण्यापेक्षा उतरण्याची असते. इतक्या लांब आणि सलग उतारावर ब्रेक तापून निकामी होतात, आणि ज्या गाडीला खालचा गिअर लावून इंजिनाच्या जोरावर स्वतःला आवरता येत नाही तिने वर जाऊच नये, हा त्यामागचा साधा विचार आहे.

उतार म्हणजे काय ते मला वादी बनी औफ नावाच्या दरीने शिकवले. अल हमराहून डांबरी रस्ता शरफ अल अलमैन नावाच्या खिंडीपर्यंत चढतो. ती सुमारे दोन हजार मीटर उंचीवर आहे. आम्ही गेलो तेव्हा तिथे डांबर संपत असे आणि पलीकडे नुसती हवा असे. खाली कुठेतरी हत्त आणि बलद सैत ही गावे आहेत हे नकाशात दिसत होते. डोळ्यांना दिसत होती ती एक फिकट रेघ, डोंगराच्या अंगावर ओरखडा उठावा तशी, मध्येच नाहीशी होऊन दुसऱ्याच सोंडेवर पुन्हा उगवणारी. त्या दिवशी गाडी मी चालवत होते. फोर लो (चारही चाकांना संथ पण जास्त जोर देणारी जोडणी), पहिला गिअर, ब्रेकवरचा पाय काढलेला, आणि शेजारून एकच सूचना पुनःपुन्हा: क्लचला हात लावू नकोस. (पायाने दाबायच्या वस्तूला माझा नवरा घाबरला की हात लावू नकोस म्हणतो.) इंजिन कण्हत गाडीला धरून ठेवते आणि आपण माणसाच्या चालीने खाली जात राहतो. काही वळणे एका दमात घेता येत नाहीत. गाडी मागे घ्यावी लागते, आणि मागे घेताना आरशात दरी तर पुढे बॉनेटवर आभाळ असते. तासाभराने मान दुखायला लागली तेव्हा कळले की मी स्टिअरिंग अंगाशी ओढून धरले होते, जणू तेवढ्याने गाडी मागे राहणार होती.

या उतारावर आमच्या टायरची कड फाटली. त्यात चूक सर्वस्वी आमची होती. आधीच्या आठवड्यात वाळूत जाण्यासाठी टायरमधली हवा कमी केली होती, आणि दगडांवरही त्यामुळे गाडी मऊ चालते म्हणून या वेळी ती वीस पीएसआयवर आणून ठेवली होती. हवा कमी असली की टायर पसरतो आणि त्याच्या नाजूक बाजू बाहेर फुगतात. वाळूत याचा फायदा होतो, पण चुनखडीच्या धारदार कपच्यांवर ती फुगलेली बाजू म्हणजे सुरीपुढे धरलेला कलिंगडाचा तुकडा. टायरच्या तळव्याला खिळा गेला तर दुरुस्ती होते, कडेला चीर गेली तर टायर टाकून द्यावा लागतो. आम्ही चाकांपुढे दगड लावले, जॅकखाली सपाट फरशीसारखा दगड शोधून बसवला, गाडी उचलण्याआधी नट सैल करण्यासाठी पान्यावर मी दोन्ही पायांनी उभी राहिले, आणि एवढी सगळी शहाणीव दाखवून झाल्यावर ध्यानात आले की जॅकचा दांडा मस्कतला आहे. गाडी धुताना तो बाहेर काढला होता आणि बाल्कनीत सुकत ठेवला होता. सोबतची दुसरी गाडी तासभर पुढे निघून गेली होती आणि फोनला रेंज नव्हती.

अर्ध्या तासाने खालून एक पिकअप चढत आला. त्याच्या मागे पांढरी प्लास्टिकची टाकी बांधलेली होती. वयस्कर ओमानी चालकाने खिडकीतूनच आमच्याकडे, मग टायरकडे, मग पुन्हा आमच्याकडे पाहिले आणि सलाम झाल्यावर विचारले, "पानी है?" मला वाटले त्याला प्यायला हवे आहे, म्हणून मी बाटली पुढे केली. त्याने ती घेतली नाही. "तुम्हारे पास कितना है?" मी डिकी उघडून कॅन दाखवले. ते पाहून त्याने इंजिन बंद केले, खाली उतरला आणि आपला जॅक काढला. पुढच्या वीस मिनिटांत तो फारसे बोलला नाही. मात्र त्याच्या प्रश्नांचा क्रम माझ्या डोक्यात राहिला. आमच्या लेखी टायर ही अडचण होती. त्याच्या लेखी टायर किरकोळ होता, चार-सहा तास कुणी आले नसते तर काय, हा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर कॅनमध्ये होते. टाकीत काय आहे असे विचारले तेव्हा कळले की तीही पाण्याचीच होती; गावाचा फलज, म्हणजे पाण्याचा पाट, त्या वर्षी आटला होता आणि तो वरच्या वस्तीवरच्या जनावरांसाठी पाणी नेत होता. पैशांचा विषय काढल्यावर त्याने हातानेच तो मिटवला.

बलद सैतच्या जवळ त्या ओसाड उतारावर मध्येच एक सपाट केलेले, हिरवेगार फुटबॉलचे मैदान आहे. ते का आहे हे विचारायचे नसते. गाव म्हटले की पोरे आली आणि पोरे म्हटली की चेंडू आला.

गाडीने पाहिलेल्या डोंगराविषयी मला एवढेच सांगण्यासारखे आहे. पायी पाहिलेल्या डोंगराविषयी मात्र लिहायला बसले की कुठे थांबावे ते समजत नाही, म्हणून एकाच वाटेचे सांगते. जबल शम्सच्या अंगावर अल खितैम नावाची वस्ती आहे, तिथे रस्ता संपतो. शेळीच्या केसांचे लाल-काळे गालिचे आणि चाव्यांना लावायचे गोंडे घेऊन काही बायका आणि मुली तिथे बसलेल्या असतात, आणि उघड्या राहिलेल्या डिकीतून पुठ्ठ्याचे खोके पळवणाऱ्या शेळ्या तर कायमच्या मुक्कामाला आहेत. तिथून नख्रच्या दरीच्या ऐन काठाने एक वाट निघते. दगडांवर पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल रंगाचे पट्टे मारून तिची खूण केलेली आहे. उजव्या हाताला साधारण हजार मीटर खोल दरी, डाव्या हाताला वर चढत गेलेला कडा, आणि मध्ये कुठे दोन माणसे जातील, कुठे एकच जाईल एवढी आडवी पट्टी. चढ जवळजवळ नाही. दीड-दोन तासांत माणूस अस् साब नावाच्या ओस पडलेल्या गावात पोहोचतो.

सह्याद्रीत चालण्याची सवय असलेल्या पायांना ही वाट पहिल्यांदा बुचकळ्यात टाकते. आपल्याकडे सोंडेवरून वाट तडक वर जाते, घसाऱ्यावर घसरते, कारवीच्या झाडोऱ्याला धरून पुन्हा चढते. चढणाऱ्याला दम लागला तर तो त्याचा प्रश्न. इथली वाट मात्र एकाच उंचीला चिकटून राहते, घळ आली की आत वळसा घेऊन पलीकडे बाहेर पडते, आणि जिथे कातळ खचला आहे तिथे कुणीतरी हातांनी दगड रचून तिला कठडा दिला आहे. तिसऱ्या की चौथ्या खेपेला मला उलगडा झाला. ही वाट ओझे लादलेल्या गाढवासाठी काढलेली आहे. ज्याच्या पाठीवर खजुराची पोती किंवा पाण्याच्या पखाली आहेत त्याला चढवणे आणि उतरवणे परवडत नाही, त्याला आडवेच न्यावे लागते. वाट काढणाऱ्याने दरी सुंदर दिसावी म्हणून ती काठावरून नेलेली नाही. सपाट पट्टी तिथेच होती. आम्ही जे दृश्य पाहण्यासाठी मस्कतहून साडेतीन तास गाडी हाकून येतो, ते त्याच्या दृष्टीने वाटेतला धोका होता.

अस् साब हे गाव कड्याच्या पोटात आहे. वर प्रचंड कातळ छपरासारखा पुढे आलेला आणि त्याच्या सावलीत दगड-मातीची घरे, इतकी बेमालूम की पन्नास पावलांवर येईपर्यंत ती घरे आहेत हे कळत नाही. काही दशकांपूर्वी शेवटची कुटुंबे इथून उठली. एका घराच्या दारातून वाकून आत शिरले तेव्हा छताला धुराची काजळी अजून होती आणि भिंतीत, हात पोहोचेल अशा उंचीवर, दिवा ठेवण्याचा कोनाडा होता. घरांच्या खाली दरीच्या काठापर्यंत शेताच्या पायऱ्या उतरत गेल्या आहेत. आता त्यांत वाळलेले गवत असते. त्या पायऱ्यांच्या दगडी बांधांवर बसून मी पहिल्यांदा तो प्रश्न विचारला जो पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता: इथे पाऊस कितीसा पडतो की कुणी शेती करावी? मस्कतला वर्षाला शंभर मिलिमीटरच्या आसपास, डोंगरमाथ्यावर तीनशेच्या आसपास. आमच्या धुळ्याकडे दुष्काळी म्हणून नाक मुरडतात त्या गावांतही याहून जास्त पडतो.

माझ्या पाठीवर तेव्हा दीड लिटर उरले होते, त्यामुळे उत्तर शोधण्यात मला व्यक्तिगत रस होता. घरांच्या मागे, कातळ जिथे आत वळतो तिथे गेले. दगडाला ओल होती. ओल म्हणजे शब्दशः ओल. धार नव्हती, थेंबही मोजून पडत होते. पण त्या ओलीवर हंसराजाचा झुपका लोंबत होता, काळ्या तारेसारखे देठ आणि पंख्यासारखी पाने, आमच्या गावच्या विहिरीच्या आत कडेच्या चिऱ्यांमध्ये असतो तोच. नऊ वर्षांत या देशात मला सर्वाधिक ओळखीची वाटलेली वस्तू ती. त्याच्या खाली कातळात कोरलेली, चुन्याने सांधलेली वीतभर रुंदीची चर होती. ती घरांना वळसा घालून थेट शेताच्या पहिल्या पायरीवर उतरत होती. सहकारी जे सांगत होता ते माझ्यापुढे होते. वरच्या पठारावर पडलेला थोडासा पाऊस चुनखडीच्या भेगांत मुरतो, खडकाच्या आतून महिनोन्‌महिने वाट काढतो आणि कुठेतरी अशा एका ओलीतून बाहेर येतो. त्या ओलीपाशी आधी चर आली असणार, मग शेत, मग घर, आणि घराला खारीक-मीठ आणायचे म्हणून सर्वांत शेवटी ती वाट. आम्ही ती उलट्या टोकाकडून चालत आलो होतो.

पाण्याचे दुसरे रूपही इथे आहे आणि त्याला हे लोक भितात. वादी म्हणजे कोरडे नदीपात्र. वर्षातले तीनशेहून अधिक दिवस तिथे गोटे, ओलिअँडरची (कण्हेरीची) झुडपे आणि सहलीला आलेली कुटुंबे असतात. उघड्या खडकावर माती नाही, त्यामुळे डोंगरावर जोराची सर आली की पाणी मुरायला थांबत नाही, सगळेच्या सगळे खाली धावते, आणि जिथे आपण उभे असतो तिथे डोक्यावर निळे आभाळ असते. म्हणून वादीत शिरताना मी आता झाडांकडे बघते. फांद्यांत अडकलेले वाळके गवत, काड्या, प्लास्टिकच्या पिशव्या किती उंचीवर आहेत त्यावरून मागचा पूर कुठवर आला होता ते कळते, आणि कित्येकदा तो माझ्या डोक्याच्या वर असतो. २००७ च्या जूनमधले गोनू चक्रीवादळ आणि २०२१ मधले शाहीन यांच्या आठवणी मस्कतमधले आणि बातिनामधले लोक अजून सांगतात. २०२४ च्या एप्रिलमध्ये आलेल्या पुरात तर शाळकरी मुले गेली. भरलेल्या वादीत गाडी घालणे हा इथे दंडनीय गुन्हा आहे, आणि रस्ता जिथे पात्र ओलांडतो तिथे खोली दाखवणारे लाल-पांढरे खांब रोवलेले असतात. फोर-व्हील ड्राइव्ह आहे म्हणजे आपण पार होऊ, ही समजूत सर्वांत घातक. जड गाडीलाही पाणी आधी उचलते आणि मग नेते.

मी पूर येताना एकदाच पाहिला आहे, सुरक्षित काठावरून. प्रथम कोरड्या गोट्यांवरून तपकिरी पाण्याची एक जीभ आली, तिच्या टोकाला फेस आणि काटक्या, वेग माणसाच्या चालीचा. इतकी सावकाश, की शेजारचा एक मुलगा तिच्यापुढे उड्या मारायला निघाला आणि त्याच्या बापाने त्याला दंडाला धरून अक्षरशः फरफटत वर आणले. दहा मिनिटांनी तिथे छातीएवढे पाणी होते आणि पात्राच्या तळातून दगड एकमेकांवर आपटल्याचा आवाज येत होता. तो आवाज बंद गाडीतही ऐकू आला असता की नाही, याचा मी नंतर बराच विचार केला.

आत असलेले पाणी बाहेर काढण्याच्या व्यवस्थेला इथे फलज म्हणतात. त्याचे तीन प्रकार सांगतात: वादीच्या पात्रातून वाहते पाणी वळवलेला घैली, झऱ्यावरचा ऐनी, आणि डोंगराच्या पायथ्याशी खोल विहीर खणून तिचे पाणी भुयारी कालव्याने, अगदी नाममात्र उताराने, कित्येक किलोमीटर दूर गावापर्यंत नेलेला दाऊदी. हा तिसरा प्रकार दाऊदपुत्र सुलेमानाने जिन्नांकडून खणून घेतला अशी दंतकथा आहे. त्या भुयारात वाकून पाहिलेल्या माणसाला ती पटकन पटते. २००६ साली युनेस्कोने ओमानमधले पाच फलज जागतिक वारशाच्या यादीत घेतले. छत्रपती संभाजीनगरला मलिक अंबरची नहर पाहिलेल्या वाचकाला हे तत्त्व नवे वाटणार नाही, उताराने आणि भुयारातून पाणी नेण्याची विद्या तीच. मला मात्र नहरीपेक्षा आमची पांझरा आठवली. पांझरेकाठी फड पद्धतीची शेती शेकडो वर्षे चालत आली आहे: बंधाऱ्यातून कालवा, कालव्यावर फड, एका फडात सगळ्यांचे एकच पीक, आणि पाणी सोडणारा पाटकरी सगळ्यांनी मिळून नेमलेला. फलजलाही असाच नेमलेला वकील, म्हणजे कारभारी, असतो. गावात पाणी पहिल्यांदा जिथे उघड्यावर येते तिथे पिण्यासाठी भरायचे, त्यापुढे मशीद आणि आंघोळीच्या जागा, मग बागा, हा क्रम मोडायचा नाही. बागांचे वाटे वेळेत मोजतात. अथर हे त्याचे माप, म्हणजे साधारण अर्धा तास. दिवसा काठीच्या सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांच्या उगवण्यावरून ते मोजत. माझे आजोबा रात्रीची पाळी आली की कंदील घेऊन दारे धरायला जात, आणि कुणी शेजाऱ्याची दहा मिनिटे खाल्ली तर त्यावरून तीन पिढ्यांचे बोलणे बंद होई. अथरांवरून इथेही तसे झाले असणार. माणसे तीच आहेत.

अस् साबहून परतताना आम्ही मिसफत अल अब्रियीनला उतरलो. अल हमराच्या वर, डोंगराच्या कडेवर बसलेले हे गाव आहे. दगडी बोळांतून फलज खळाळत जातो आणि बागेच्या पायऱ्यांवर खजूर, लिंबे, केळी दाटीवाटीने उभी असतात. अलीकडे तिथे पर्यटक फार येतात, जुन्या घरांतून निवासाच्या खोल्या झाल्या आहेत. फलजच्या कडेने चालताना एक तरुण चरीत वाकलेला दिसला. फाटक्या फडक्याचा बोळा आणि एक चपटा दगड काढून तो पाणी एका वाफ्याकडे वळवत होता. तो बांगलादेशचा, बरिसालकडचा. या देशातल्या बहुतेक बागा आता अशीच माणसे सांभाळतात, मालकांची मुले मस्कतला कार्यालयांत आमच्याबरोबर असतात. वेळ कशी कळते, तारे बघतोस का, असे मी विचारले तेव्हा त्याने खिशातून मोबाईल काढून लावलेला गजर दाखवला. गावाकडे काय आहे, यावर म्हणाला, नदी आहे, फार मोठी, आमचे अंगण तिने नेले. मग खालच्या वाफ्यात उंदराने बीळ पाडले आहे, तिथे पाणी फुटते, ते बघून येतो, तोवर इथे जरा उभ्या राहाल का, असे त्याने मला विचारले.

मी बूट-मोजे काढले आणि चरीत उतरून उभी राहिले. पाणी घोट्याइतके होते आणि अपेक्षेपेक्षा कोमट होते. एका हातात फडके, दुसऱ्या हातात दगड. वरून दोन पर्यटक गेले, त्यांनी माझा फोटो काढला. नवरा बांधावर बसून शेवटचा अर्धा लिटर संपवत होता. खाली कुठेतरी माती थापल्याचा आवाज येत राहिला, मग थांबला, आणि खालून हाक आली, "मॅडम, बंद!"

मी फडके चरीच्या तोंडात कोंबले, वर दगड दाबला आणि पाणी पुढच्या बागेकडे वळले.